पाचाची भिशी

"उचल, वैजयंती. डोळे मिटून उचल."

उकिडवेंनी बडीशेपेची वाटी माझ्यासमोर धरली होती. बडीशेप त्यांनी आधीच एका ताटलीत ओतून ठेवलेली. वाटीत चार घड्या घातलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या.

"दोनच तर आहेत," मी म्हटलं. "डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय."

"पद्धत म्हणजे पद्धत."

वाकडमधलं थाळीचं हॉटेल. फेब्रुवारीतला शुक्रवार, दुपारचे दोन. टेबलाभोवती आमची आठ जणांची टीम आणि नववे उकिडवे, आमचे मॅनेजर. गरम जिलबी येऊन पडली होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. माझ्यासमोर बसलेल्या फरहाना मुजावरची नजर माझ्या बोटांवरून हलत नव्हती. दोन चिठ्ठ्यांपैकी एकीवर तिचं नाव होतं, दुसरीवर माझं.

मी डोळे मिटले. हाताला लागली ती चिठ्ठी उकिडवेंकडे दिली. त्यांनी ती उलगडली, चष्मा वर सरकवला आणि लग्नात आहेर वाचून दाखवतात त्या आवाजात वाचली, "वैजयंती कुलथे."

फरहानानं जिलबी घेतली. एक नाही, दोन.

"सॉरी, वैजू," ती म्हणाली. तोंडात जिलबी होती.

*

कंपनीचा सिद्धांत असा होता की दर आठ माणसांत एक माणूस कुचकामी असतो. सातांत नाही, दहांत नाही. आठांत. पुण्यात, मनिलात, डब्लिनमध्ये, जिथे जिथे कंपनीचं ऑफिस होतं तिथे तिथे देवानं माणसं याच हिशोबानं घडवली होती. म्हणून दर वर्षी मार्चच्या आत प्रत्येक मॅनेजरनं आपल्या आठांतला कुचकामी शोधून त्याच्या नावापुढे 'पाच' हा आकडा टाकायचा. एक म्हणजे हिरा, पाच म्हणजे कचरा. पाच मिळालेल्याची त्या वर्षीची वाढ बुडायची, आणि त्याला संगणकावर तीन महिने 'वेळेचं नियोजन' हा कोर्स करावा लागायचा. त्यात एक कार्टूनमधलं घड्याळ डोळे मिचकावत उपदेश करायचं.

आमच्या टीममध्ये कुचकामी कुणी नव्हतं. असलेच तर उकिडवे, आणि ते मोजणीत धरलेले नव्हते. पण माणूस दुष्ट नव्हता. पहिल्या वर्षी आकडा कुणावर टाकायचा या विचारानं त्यांचं पोट बिघडलं. दुसऱ्या वर्षी घरी बायकोची भिशी बसलेली असताना, स्वयंपाकघराच्या दारातून ती बघताना, त्यांना उपाय सुचला. पाचाची भिशी. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं त्या वर्षीचा पाच घ्यायचा. एकदा घेतला, की आठांचा फेरा पुरा होईपर्यंत त्याची सुटका. सहा वर्षं ती बिनबोभाट चालली. कुठल्या तरी मोठ्या विद्यापीठातल्या विद्वानांनी बसवलेली मोजपट्टी आम्ही बडीशेपेच्या वाटीत बुडवली, याचा आम्हाला फार अभिमान होता. आम्ही स्वतःला बंडखोर समजत होतो. बंडखोरांची दर वर्षीची थाळी कंपनीच्या खर्चानं होत असे.

*

प्रश्न १. आमच्यासोबत काम करण्याचे फायदे सांगा. (किमान पाच. अनिवार्य.)

प्रश्न २. तोटे सांगा. (ऐच्छिक.)

हा फॉर्म आत्ता माझ्यासमोर उघडा आहे. त्या थाळीला अकरा वर्षं झाली. मी कंपनी सोडते आहे, आणि सोडणाऱ्याला हा फॉर्म भरावा लागतो. यंदापासून तो मराठीतही मिळतो, कारण वरच्या कुणाला तरी 'आपली भाषा' सप्ताह साजरा करायची लहर आली. भाषा आपली म्हणजे कुणाची, ते फॉर्म वाचून कळत नाही.

पाच फायदे लिहिल्याशिवाय तो पुढचं पान उघडत नाही. लिहिते.

एसी. पुण्याच्या भर मे महिन्यात मी अठरा वर्षं शाल पांघरून बसले.

विमा. माझ्या आईचे दोन्ही गुडघे कंपनीनं बदलून दिले. यात टोमणा नाही. आई चालते.

झोपायच्या खोल्या. दुपारी डुलकी घ्यायला तीन खोल्या होत्या, आत मंद निळा दिवा. मी त्यांत कुणालाही झोपलेलं बघितलं नाही. फोनवर बायकोशी भांडायला लोक जात.

बस, दारापासून फाटकापर्यंत फुकट.

समानता. 'सर', 'मॅडम', 'साहेब' म्हणायला बंदी. सगळ्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारायची. आम्ही "संजीव, तुम्ही जेवलात का?" असं बोलायचो, नाव बरोबरीचं, क्रियापद मात्र हात जोडून उभं. चुकून कुणाच्या तोंडून 'साहेब' निघालं तर शुक्रवारच्या बैठकीत त्यानं सगळ्यांना एक विनोद सांगायचा, अशी शिक्षा हो

अक्षरमर्यादा संपली.

*

"मला या वर्षी नको," मी म्हटलं.

सहा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. लोकांनी लग्नाच्या वर्षी पाच घेतला होता, बाळंतपणाच्या वर्षी घेतला होता.

"नको म्हणजे?" उकिडवेंनी विचारलं.

"स्टुटगार्टच्या ऑफिसचं पत्र आलंय. पाच पडला तर जाणं रद्द होईल."

"अगं, मग आधी नाही का बोलायचं? चिठ्ठी काढायच्या आधी?"

"आधी बोलले असते तर फरहाना एकटीच उरली असती. ते बरं दिसलं असतं का?"

"वा!" फरहाना म्हणाली. "म्हणजे तुझी निघाली तर स्टुटगार्ट, आणि माझी निघाली असती तर नशीब. संजीव, तुम्ही सांगा हिला काहीतरी."

उकिडवेंनी जिलबीकडे बघितलं. अडचणीच्या वेळी ते नेहमी खाण्याच्या वस्तूकडे बघत.

"द्या इकडं ती," टेबलाच्या टोकावरून आवाज आला.

प्रभाकर हिंगमिरे. सोलापूरचे. वय सेहेचाळीस, आमच्यात सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे अण्णा. आम्ही लिहिलेले प्रोग्राम तपासून त्यांतले दोष काढणं हे त्यांचं काम. शर्टाच्या खिशात मावेल एवढी लाल वही असायची. दोष सापडला की अण्णा कधीही 'चुकलात' म्हणत नसत. वही काढून लिहीत आणि म्हणत, "नोंद करतो." कँटीनच्या सांबारात मीठ जास्त झालं तरी, "नोंद करतो." लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली नाही तरी, "नोंद करतो." नऊ वर्षांत त्यांच्या हातून एकही दोष सुटला नव्हता, हे आम्ही सगळे जाणून होतो आणि कंपनीच्या कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.

"अण्णा, तुमचा पाच पहिल्याच वर्षी होऊन गेलाय," उकिडवे म्हणाले.

"झालाय की. मग काय झालं? ते डोळे मिचकावणारं घड्याळ चांगलं आहे, जुनी ओळख निघेल. जाऊ द्या मॅडमना जर्मनीला. पुढच्या वर्षी ह्या आणि फरहाना मॅडम परत चिठ्ठी टाकतील. साहेब, लिहा माझं नाव."

"अण्णा, 'साहेब' म्हणालात. पुढच्या शुक्रवारी विनोद."

"सांगतो की. दातांच्या डॉक्टरचा."

"परत तोच?"

"नऊ वर्षं तोच आहे," अण्णा म्हणाले. "तुम्हीपण नऊ वर्षं हसताय."

सगळे हसले. सुटल्यासारखे. माझ्या नावाची चिठ्ठी हातोहात टेबलाच्या टोकापर्यंत गेली. अण्णांनी तिची पुन्हा चार घड्यांची घडी घातली, लाल वहीत ठेवली आणि वही खिशात टाकली.

"नोंद झाली," ते म्हणाले. "आता जिलबी खावा. गार झाली."

*

हात धुवायला मी उठले तर अण्णा आधीच बेसिनपाशी होते. रुमालानं एकेक बोट पुसत होते. 

"अण्णा, कसे आभार मानू?"

"मानू नका. तुमच्या वयात मला कुणी सोडलं असतं तर मीपण गेलो असतो. आमच्या रेणुकाचं बारावीचं वर्ष आहे, मला यंदा कुठं हलायचं नाही. पाच काय, सहा दिला तरी मी इथंच." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "आणि एक सांगायचं होतं. टेबलावर बोललो नाही, सगळ्यांसमोर बरं दिसलं नसतं. तुमच्या टी-शर्टात घोळ होता."

कंपनीत एक आनंद समिती होती. कर्मचाऱ्यांच्या आनंदाची व्यवस्था बघणारी. तिच्यावर जायला कुणी तयार नसे, म्हणून मी होते. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी कुटुंबमेळावा असायचा आणि त्यासाठी सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट वाटायचे. छातीवर 'वन फॅमिली'. कुणाचं माप काय, याची यादी अण्णांनी मला हौसेनं करून दिली होती.

"कसला घोळ?" मी विचारलं.

"माझ्या यादीत चोवीसशे माणसं. छपाईवाल्याकडे तुम्ही एकवीसशे सांगितले. छपाईवाला गुळवे माझा गाववाला आहे, त्याला सहज फोन केला तेव्हा कळलं. तीनशे कमी! मेळाव्याच्या दिवशी तुमची काय शोभा झाली असती?"

नळ चालू होता. मी हात धूत राहिले.

"मग?"

"मग काय? गुळवेला म्हटलं, मॅडमची गडबड झाली, चोवीसशे कर. मापंसुद्धा फोनवर सांगितली. वर कुणाला बोललो नाही. तुमच्या नावावर चूक कशाला?" ते हसले. "हिची नोंदपण केली नाही बघा."

मी नळ बंद केला.

"थँक्यू, अण्णा," मी म्हटलं.

*

प्रश्न ४. आमच्यासोबतच्या प्रवासातला तुमचा संस्मरणीय दिवस कोणता?

मंगळवार. थाळीनंतर अकरा दिवसांनी.

आमच्या बैठकीच्या खोल्यांना नद्यांची नावं होती. त्या दिवशी इंद्रायणी, नीरा आणि मुळशी अशा तिन्ही खोल्या सकाळी नऊपासून अडकवलेल्या होत्या. (मुळशी नदी नाही, हे अण्णांनी आल्या आल्याच नोंदवलं होतं.) सकाळपासून कुणाकुणाला संगणकावर बोलावणी येत होती. विषय : गप्पा. वेळ : पंधरा मिनिटं.

अण्णांना पावणेबाराचं आलं.

"गप्पाच मारायच्या आहेत तर डबा खाऊन जाऊ का?" त्यांनी विचारलं. "साडेबाराला भूक लागते मला."

"पंधराच मिनिटं आहेत अण्णा, जाऊन या," उकिडवे म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मॅनेजरांना दहा मिनिटं आधी सांगायचं ठरलेलं होतं आणि त्यांचा फोन चार्जिंगला होता.

अण्णा गेले ते परत जागेवर आले नाहीत. कुणीच येत नव्हतं. खोलीत शिरताना माणूस कर्मचारी असायचा, बाहेर पडताना पाहुणा. गळ्यातलं कार्ड आत काढून घ्यायचे, मग पहारेकरी त्याला मागच्या जिन्यानं खाली न्यायचा. पुढचा जिना का नाही, तर तिथे मेळाव्याची तोरणं लावणं चालू होतं.

साडेबाराला एक पहारेकरी रिकामं खोकं घेऊन आमच्याकडे आला. "हिंगमिरे प्रभाकर. सामान भरून द्या."

फरहानानं भरलं. कप. सिद्धेश्वराचा फोटो असलेलं कॅलेंडर. डबा, न उघडलेला. चष्म्याची जुनी केस. लाल वही टेबलावरच राहिली होती. फरहानानं ती खोक्यात ठेवली तर पहारेकऱ्यानं काढली.

"लिहिलेलं काही जाणार नाही, मॅडम. कंपनीची मालमत्ता."

"त्यात सांबारातलं मीठ लिहिलंय," फरहाना म्हणाली. "मालमत्ता म्हणे."

तेवढ्यात वही उलटी झाली आणि आतून चार घड्यांची चिठ्ठी खाली पडली. फरहानानं ती उचलली, उघडली, वाचली. माझ्यासमोर ठेवली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि वर्षभरानं दुसऱ्या कंपनीत गेली.

पुण्यातून तीनशे माणसं गेली. सगळे पाच मिळालेले. उकिडवे संडासात जाऊन रडले. मग तोंड धुऊन त्यांनी टीमला मेल पाठवला. वरून आला होता तसाच, फक्त नाव बदलून. विषय : नवी सुरुवात.

*

प्रश्न ५. तुमच्या यशात ज्या सहकाऱ्याचा वाटा आहे त्याचं नाव निवडा.

इथे नाव लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. मी 'हिंग' एवढं टंकलं.

जुळणारी व्यक्ती आढळली नाही. कृपया अस्तित्वात असलेली व्यक्ती निवडा.

मी उकिडवेंना निवडलं. ते अजून आहेत. ते कायम असतील.

*

मेळावा ठरल्याप्रमाणे शनिवारी झाला. रद्द केला तर उरलेल्यांचं मनोधैर्य खचेल, असं आनंद समितीला कळवण्यात आलं. दोरीखेच झाली, पोराबाळांना फुगे वाटले. 'वन फॅमिली'चे दोन हजार शंभर टी-शर्ट मैदानात धावत होते, आणि तीनशे टी-शर्ट मांडवामागे खोक्यांत होते. गुळवेंनी इमानदारीनं मापावर चिकटपट्ट्या लावून दिलेले. वरच्या साहेबांनी विचारलं, "हे कुणाच्या चुकीनं जास्त आले?"

"माझ्या," मी म्हटलं. त्या वर्षभरात मी केलेली ती एकमेव प्रामाणिक गोष्ट म्हणून कुणाला सांगावीशी वाटते. पण तीही खरी नव्हती.

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "सामाजिक बांधिलकीत टाका."

मग ते जुन्नरकडच्या एका आश्रमशाळेला दिले. फोटो काढले. चौथी-पाचवीतली मुलं, गुडघ्यापर्यंत आलेले टी-शर्ट, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नाहीत, छातीवर 'वन फॅमिली'. तो फोटो चार वर्षं आमच्या लिफ्टशेजारी होता. रोज सकाळी मी चौथ्या मजल्याचं बटण दाबायची आणि त्यातला एक्स-एल कुणाच्या अंगावर असेल ते शोधायची.

*

प्रश्न ७. आमच्यासोबत असताना तुम्ही शिकलेलं सर्वांत उपयोगी कौशल्य कोणतं?

भागाकार.

थाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. कँटीनमध्ये मनुष्यबळ विभागाची तन्वी वाडग्यात मक्याचे पोहे आणि दूध घेत होती. मी तिला म्हटलं, "टी-शर्टांची ऑर्डर देते आहे. चोवीसशे ना?"

"एकवीसशे सांग."

"यादी आहे माझ्याकडे. चोवीसशे माणसं आहेत."

"एकवीसशे सांग, वैजयंती."

"आणि बाकीचे तीनशे काय बनियनवर येणार?"

तन्वी हसली नाही. तन्वी कशालाही हसायची, हसणं हा तिच्या नोकरीचा भाग होता. तिनं वाडग्यात दूध ओतलं, आधीचंच काठोकाठ होतं, ते टेबलावर सांडलं. "आकडा मी सांगितला असं कुठं लिहू नकोस," ती म्हणाली आणि वाडगं तिथंच ठेवून निघून गेली.

मी जागेवर येऊन बसले. चोवीसशेतून एकवीसशे गेले, तीनशे. चोवीसशेला तीनशेनं भागलं. आठ. बाकी शून्य. पुन्हा करून बघितलं, कागदावर. दर आठांत एक. या वर्षी ज्याला पाच मिळेल त्याला टी-शर्ट लागणार नव्हता.

छपाईवाल्याला एकवीसशे मी चुकून सांगितले नव्हते.

आठ दिवस होते. उकिडवेंना सांगता आलं असतं. टेबलावर, जिलबीसमोर, सगळ्या आठांना सांगता आलं असतं. तीनशे टीमना हे कळलं असतं तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नसतं झालं. पण बडीशेपेच्या वाटीत हात घालताना त्या टेबलावर एकटी मीच जाणत होते की आपण काय उचलतो आहोत. फरहानाची निघाली असती तर मी जिलबी खाल्ली असती. दोन.

आणि स्टुटगार्टचं पत्र आलेलं नव्हतं. ते आलं एप्रिलमध्ये. आमच्या टीममधून दोनच नावं पुढे गेली होती, त्यातलं एक अर्थात अण्णांचं. अण्णांनी नको म्हणून कळवलं होतं, मुलीच्या बारावीसाठी. मी सोळा महिने तिथे राहिले. थंडी छान होती.

*

आपण 'तोटे' हा रकाना रिकामा सोडला आहे. तरीही पुढे जायचं?

थांब जरा.

*

खोकं घेऊन खाली मी गेले होते. फरहाना जायला निघाली होती, मी म्हटलं, मी जाते.

मागच्या फाटकाबाहेर, अगदी उन्हात, अण्णा आपल्या स्कूटरपाशी उभे होते. गळ्यात कार्ड नव्हतं. कार्डाच्या पट्टीची पांढरी खूण शर्टाच्या कॉलरवर उठली होती.

"अरे, तुम्ही कशाला आलात मॅडम? पाठवायचं कुणाला तरी."

मी खोकं स्कूटरच्या पायाजवळ ठेवलं. त्यांनी आत बघितलं. डबा काढून डिकीत टाकला. मग पुन्हा खोक्यात हात घालून चाचपलं.

"वही?"

"देत नाहीत, अण्णा. कंपनीची मालमत्ता म्हणतात."

"असू दे. त्यांनाच लागेल ती." त्यांनी डिकी बंद केली. "आज घरी सांगणार नाही. उद्या रेणुकाचा फिजिक्सचा पेपर आहे. पेपर संपेपर्यंत रोज डबा घेऊन निघतो, बसतो कुठंतरी. औंधला बाग चांगली आहे."

"अण्णा, मी..."

"तुमचं काय त्यात? मी हौसेनं घेतला." ते थोडे हसले. "तिथं आत एक पोरगी होती. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. कागदावरून वाचून दाखवत होती की हा निर्णय माझ्या गुणवत्तेवर आधारलेला आहे. वाचताना एक ओळ गाळली तिनं. मी म्हटलं, बाळ, मधली ओळ राहिली. तिनं परत वाचली."

रस्त्यावरून कंपनीची बस गेली. बसवर एक हसरं कुटुंब छापलेलं होतं. 

अण्णांनी किल्ली लावली, पण स्कूटर चालू केली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं. मी नऊ वर्षं बघत आले होते. दोष सापडण्याच्या आधी त्यांचा चेहरा असा व्हायचा, शांत, थोडा तिरका, कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखा.

"आत सांगितलं, पुण्यातून तीनशे," ते म्हणाले.

मी खोक्यातला कप सरळ केला.

"चोवीसशेतून तीनशे गेले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुमचा आकडा बरोबर होता, मॅडम. घोळ मीच केला. आता ते तीनशे टी-शर्ट पडून राहतील तुमच्या गळ्यात."

"बघू काहीतरी."

"एक माझ्याकडं पाठवा. एक्स-एल. स्कूटर पुसायला बरा पडेल."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते.

"तुम्हाला कळलं होतं का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते विचारायचे तसंच विचारलं होतं, की हे असं मुद्दाम ठेवलंय, का नजरचुकीनं राहिलंय?

"नाही," मी म्हटलं. "मला कसं कळणार, अण्णा?"

त्यांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात तिथे क्षणभर राहिला आणि मग खाली आला.

"बरं," ते म्हणाले. "ह्याची नोंद नको."

त्यांनी किक मारली. खोकं तिथंच राहिलं. सिद्धेश्वराचं कॅलेंडर तेवढं त्यांनी गुंडाळून हँडलला अडकवलं होतं. वळणापर्यंत ते दिसत राहिले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"मॅडम, आत जाणार का?" पहारेकऱ्यानं विचारलं. "ऊन लागेल."

मी कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला.